डोळा भरण्याआधी विषाणूची झडती

संत्रा, लिंबू आणि इतर फळझाडांतील विषाणूंच्या जनुकीय क्रमवारीबद्दल, म्हणजे सिक्वेन्सिंगबद्दल, विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. डोळा म्हणजे कलमासाठी काढलेला अंकुर, डोळकाडी म्हणजे असे डोळे असलेली काडी आणि खुंट म्हणजे डोळा ज्यावर बसवतात ते मुळांचं रोप.

प्रश्न : आमच्या रोपवाटिकेत नागपुरी संत्र्याचे बारा मातृवृक्ष आहेत. त्यांचे डोळे काढून दरवर्षी जंबेरीच्या खुंटावर भरतो. ‘सगळ्या झाडांचं पूर्ण जीनोम (सगळ्या जनुकीय मजकुराचं) सिक्वेन्सिंग करून घ्या’ असा सल्ला मिळाला आहे. खर्च मोठा आहे. खरंच गरज आहे का? (रोपवाटिकाधारक, वरुड तालुका)

पहिल्याच फेरीत बाराही झाडांचं नको. कशासाठी तपासायचं ते आधी ठरवा, पद्धत त्यावरून ठरते.

तुमच्या झाडांत असण्याची सर्वांत जास्त शक्यता सिट्रस ट्रिस्टेझा विषाणूची, म्हणजे सीटीव्हीची आहे. तो बियांतून जात नाही. डोळकाडीतून मात्र सरळ कलमात उतरतो आणि पुढे बागेत मावा त्याला झाडोझाडी नेतो. एका मातृवृक्षात तो असला की त्या झाडाच्या कलमांबरोबर गिऱ्हाइकाच्या शेतात पोचलाच म्हणून समजा. पण हा ओळखीचा विषाणू आहे. तो ‘आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल तर एलायझा (प्रतिपिंडाने विषाणूचं प्रथिन ओळखणारी चाचणी) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा ठरावीक जनुकीय तुकडा वाढवून ओळखणारी) पुरेशी आहे, आणि या चाचण्यांचा खर्च सिक्वेन्सिंगच्या कितीतरी खाली येतो.

म्हणून पहिल्या फेरीत बाराही झाडांच्या साध्या चाचण्या करा. सीटीव्ही, इंडियन सिट्रस रिंगस्पॉट, सिट्रस येलो मोझॅक, एक्सोकॉर्टिस व्हायरॉइड (व्हायरॉइड म्हणजे विषाणूहूनही लहान, आवरण नसलेला आरएनएचा तुकडा) आणि ग्रीनिंगचा जिवाणू, एवढे पाच तरी यादीत हवेत. यात जी झाडं सापडली ती डोळकाडीसाठी तिथेच बाद. त्यांच्या सिक्वेन्सिंगवर पैसे घालण्यात रोपवाटिकाधारकाचा काही फायदा नाही. संशोधकाचा असेल, तर खर्चही त्याने करावा.

जी झाडं सगळ्या चाचण्यांत निर्दोष निघाली त्यांचं सिक्वेन्सिंग करा. हा क्रम उलटा वाटेल, पण त्याला कारण आहे. पीसीआर फक्त तेच शोधते ज्याचे प्रायमर, म्हणजे ठरावीक जागी चिकटणारे छोटे जनुकीय तुकडे, तुम्ही नळीत घातले. प्रायमर जिथे चिकटतो नेमक्या त्या जागी विषाणूत बदल झालेला असेल, तर विषाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. ज्या विषाणूचं नावच यादीत नाही, त्याबद्दल तर ती काहीच सांगत नाही. मोठ्या प्रमाणावरचं सिक्वेन्सिंग झाडातला सगळाच आरएनए वाचतं, न मागितलेलंही दाखवतं. ज्या झाडावरून हजारो डोळे निघणार, त्याच्यासाठी हा खर्च परवडतो. विक्रीच्या कलमांसाठी परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. मातृवृक्षांचे नमुने पैसे वाचवायला एकत्र कालवू नका. दोष निघाला तर बारापैकी कोणाचा, हे शोधायला पुन्हा सगळंच करावं लागेल.

प्रश्न : माझ्या झाडांत सीटीव्ही निघाला. पण झाडं हिरवीगार आहेत, आंबिया बहारही चांगला लागला. मग अहवाल चुकीचा समजायचा का? (संत्रा बागायतदार, काटोल)

अहवाल बरोबर असू शकतो. या विषाणूची कुवत दोन गोष्टींवर ठरते : कलम कोणत्या खुंटावर आहे आणि झाडात विषाणूचा कोणता स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, आहे.

१९३० नंतरच्या दशकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझाने कोट्यवधी झाडं मारली. ती होती सावर ऑरेंज या आंबट संत्र्याच्या खुंटावरची. या जोडीत डोळा भरलेल्या जागेखालची अन्न वाहणारी साल मरते, मुळं उपाशी राहतात आणि फळं लगडलेलं झाड बघता बघता वाळतं. विदर्भात खुंट असतो जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा. हे दोन्ही त्या झटपट मरीला दाद देत नाहीत. म्हणून विषाणू असूनही झाड उभं राहतं. याचाच दुसरा अर्थ असा, की जंबेरीवरची झाडं भराभर वाळत असतील तर आधी डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग), पाण्याचा निचरा आणि ग्रीनिंग बघा. सगळं पाप विषाणूच्या माथी मारण्याची घाई नको.

खुंट बदलून न टळणारा प्रकार म्हणजे खोडावरचे खड्डे. बोटाएवढ्या जाड फांदीची साल सोलून खालचं लाकूड बोटाने चाचपा. टोचणीने उमटल्यासारखे उभे खड्डे असतील आणि सालीच्या आतल्या बाजूला त्यात बसणारे उंचवटे असतील, तर स्ट्रेन जहाल आहे. कागदी लिंबावर हे लवकर दिसतं. शिवाय त्याचं कोवळं पान उन्हासमोर धरलं की शिरांवर पारदर्शक तुकडे दिसतात. म्हणूनच कागदी लिंबाची रोपं या विषाणूची दर्शक रोपं म्हणून वापरतात.

स्ट्रेन ओळखायला सिक्वेन्सिंग लागतं. सीटीव्हीचा जीनोम सुमारे १९,३०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे जनुकीय अक्षरांचा, आहे. वनस्पतींच्या आरएनए विषाणूंत इतके लांबलचक थोडेच. त्याचे टी३६, टी३०, टी३, व्हीटी, टी६८, आरबी असे गट मानले जातात. टी३० सौम्य समजला जातो. टी३ आणि व्हीटी गटांत खड्डे पाडणारे बरेच आहेत. आरबी गटातले विषाणू तर एरवी सीटीव्हीला न जुमानणाऱ्या ट्रायफोलिएट (त्रिपर्णी संत्रा) खुंटातही शिरतात.

एका अक्षरानेही किती फरक पडतो ते पाहा. विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनात १२४ व्या जागी फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल असेल तर एमसीए१३ नावाची प्रतिपिंड-चाचणी रंग देते. तिथे टायरोसिन असेल, तर देत नाही. फ्लोरिडातल्या सौम्य स्ट्रेनमध्ये तिथे टायरोसिन होतं, म्हणून या चाचणीला ‘जहाल ओळखणारी’ असं नाव पडलं. पण १२४ वी जागा जहालपणाचं कारण नाही, नुसती खूण आहे. जगात सगळीकडे ही खूण खरी ठरलेली नाही, तेव्हा एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.

सौम्य स्ट्रेन मुद्दाम देऊन जहालापासून बचाव करण्याची पद्धत ब्राझीलमध्ये पेरा जातीच्या मोसंबीवर मोठ्या प्रमाणात वापरली गेली. ‘माझ्या झाडात सौम्य आहे, म्हणजे लस टोचली’ असं मात्र समजू नका. आधीचा विषाणू नव्याला अडवतो तो साधारणपणे त्याच गटातला असला तर. टी३० असलेल्या झाडात व्हीटी खुशाल शिरतो.

प्रश्न : नमुना कसा, कुठून आणि कधी घ्यावा? (याच आशयाची आणखी पत्रं अचलपूर, नरखेड आणि जालना इथून)

बरेच अहवाल नमुन्यातच बिघडतात. यंत्र कितीही महाग असलं तरी पिशवीत न आलेला विषाणू ते दाखवू शकत नाही.

आधी हंगाम. सीटीव्ही उन्हाळ्यात दबतो. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या तापमानात त्याचं प्रमाण इतकं घसरतं की रोगट झाडही निर्दोष दिसावं. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. नवती, म्हणजे नवी पालवी, पूर्ण उलगडलेली असावी, पण पानं जून चामड्यासारखी झालेली नसावीत.

मग जागा. हा विषाणू फक्त अन्नवाहिन्यांत राहतो. पानाच्या पात्यात तो नगण्य असतो, मधली शीर, देठ आणि कोवळ्या फांदीची साल यांत भरपूर. झाडाच्या चारही बाजूंनी एकेक फांदी घ्या, प्रत्येकीची देठासकट दोन-तीन पानं, म्हणजे एका झाडाची आठ ते बारा. एकाच बाजूची पानं पुरत नाहीत, कारण विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. पूर्वेची फांदी भरलेली आणि पश्चिमेची कोरी, असं सहज घडतं.

दोन झाडांच्या मध्ये कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. सीटीव्ही कात्रीने सहसा पसरत नाही, पण एक्सोकॉर्टिस व्हायरॉइड नक्की पसरतो. न धुतलेलं हायपोक्लोराइट नमुन्यातल्या आरएनएचाही नाश करतं, म्हणून ते पाणी विसरू नका.

पानं ओली नकोत. दव असेल तर टिपून घ्या, झिपच्या पिशवीत भरा आणि पिशवीवर झाड क्रमांक, तारीख, खुंट लिहा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पाकिटं ठेवा, पण पानं आणि बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा थर हवा. थेट बर्फाला चिकटलेलं पान काळं पडतं आणि त्यातला आरएनए तुटतो. एलायझा-पीसीआरसाठी ४ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस चालतात. सिक्वेन्सिंगसाठी त्याच दिवशी शिरा काढून उणे ८० अंशांत ठेवणं उत्तम. ती सोय नसेल तर आरएनए टिकवणारं आरएनएलेटर द्रावण वापरा. त्यात अख्खं पान बुडवून काही होत नाही, कारण संत्र्याच्या पानावरच्या मेणातून द्रावण आत शिरत नाही. शिरांचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा, तुकड्यांच्या पाच ते दहा पट द्रावण घाला, रात्रभर ४ अंशांत ठेवा.

बारा मातृवृक्षांबरोबर जाळीघरात बियांपासून वाढवलेल्या एका निरोगी रोपाचा नमुनाही पाठवा. त्याचं महत्त्व पुढे अहवालाच्या प्रश्नात कळेल.

प्रश्न : संत्र्याच्या पानांतून काढलेल्या आरएनएचं २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं, शुद्धतेची खूण) ०.६ येतं, २६०/२८० मात्र १.९. सिक्वेन्सिंग कंपनी नमुना नाकारते. पहिला एक नमुना त्यांनी स्वीकारला, तर अहवालात सीटीव्हीची जेमतेम काही रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) आली, जरी आरटी-पीसीआरमध्ये पट्टा ठळक होता. काय चुकत असेल? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, अकोला)

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली शुद्धतेची. २६०/२३० इतकं खाली म्हणजे शर्करा आणि फिनॉलं सोबत आली आहेत. १.८ च्या वर जायला हवं. पानाऐवजी फक्त शिरा घ्या, १०० मिलिग्रॅमच. जास्त घेतल्या की आरएनए वाढत नाही, चिकटा वाढतो. द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखं वाटा. मध्येच वितळू दिलं तर पेशीतली एन्झाइमं आधी आरएनए खातात. सीटॅब बफर १ मिलिलिटर : २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २५ मिलिमोलर ईडीटीए, २ मोलर मीठ. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल २ टक्के, तेही वापरायच्या क्षणी. आदल्या आठवड्यात घालून ठेवलेलं उपयोगाचं राहत नाही आणि लगदा तपकिरी होतो. ६५ अंशांवर १५ ते २० मिनिटं, मधूनमधून हलवत. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ ने दोनदा. दोन थरांच्या मधला पांढरा पडदा ओढू नका, वरच्या द्रवाचा पाचवा हिस्सा सोडून दिला तरी चालेल. वरच्या द्रवात १० मोलर लिथियम क्लोराइड पाव भाग घाला, म्हणजे शेवटी २ मोलर होतं. रात्रभर ४ अंश, सकाळी गारच सेंट्रिफ्यूज, ७० टक्के इथेनॉलने दोन धुणी, ३० ते ५० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा, डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या. आरआयएनचा (आरएनए किती अखंड आहे याचा) आकडा थोडा कमी आला तर लगेच घाबरू नका. हिरव्या ऊतीत हरितलवकाचे राइबोसोमल (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतले) आरएनए जास्तीची शिखरं देतात आणि यंत्र ती तुटीची खूण समजतं. आलेख डोळ्यांनी बघा.

इथे एक सापळा आहे. २ मोलर लिथियम क्लोराइडमध्ये लांब एकपदरी आरएनए खाली बसतो, पण लहान आरएनए, दुपदरी आरएनए आणि व्हायरॉइड द्रवातच राहतात. तो द्रव बेसिनमध्ये ओतला की एक्सोकॉर्टिस व्हायरॉइड, सुमारे ३७० न्यूक्लिओटाइडांचा, तोही गेला. व्हायरॉइड किंवा लहान आरएनए हवे असतील तर लिथियम क्लोराइड वगळा आणि आयसोप्रोपेनॉलने साका पाडा.

दुसरी चूक बहुधा लायब्ररीची, म्हणजे वाचनासाठी आरएनए निवडून तयार करण्याच्या पायरीची, आहे. कंपनीच्या फॉर्मवर ‘एमआरएनए सिक्वेन्सिंग’ या चौकटीत खूण केली असावी. त्यात पॉली-ए शेपटी (टोकाला ‘ए’ या अक्षराची लांब रांग) असलेले आरएनए निवडले जातात. सीटीव्हीला पॉली-ए शेपटी नाही, व्हायरॉइडना नाही. म्हणजे ज्याला शोधायचं त्यालाच धुऊन टाकलं. काही रीड्स आली ती अपघाताने चिकटून आलेली. ‘टोटल आरएनए, वनस्पतीचे राइबोसोमल आरएनए वगळून’ असं स्पष्ट लिहा. ‘वनस्पतीचे’ हा शब्द महत्त्वाचा, माणूस-उंदराच्या किटने हरितलवकाचे राइबोसोमल आरएनए निघत नाहीत. दोन्ही टोकांनी १५० बेसची, नमुन्यामागे दोन-तीन कोटी जोड्या रीड्स मागा.

दुसरा मार्ग लहान आरएनएचा. झाड विषाणूचा आरएनए कापून २१, २२ आणि २४ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करतं, त्यांतले २१-२२ चे तुकडे जुळवून विषाणू ओळखता येतो. यात आरएनए आणि डीएनए विषाणू, व्हायरॉइड, सगळेच दिसतात. पण तुकडे इतके आखूड की एकाच झाडातले दोन स्ट्रेन जुळवणीत एकमेकांत गुंततात. सीटीव्हीत मिश्र लागण नेहमीची, म्हणून स्ट्रेन शोधायचा असेल तर हा मार्ग नको.

त्याच पत्रात नॅनोपोर या सिक्वेन्सिंग पद्धतीबद्दलही विचारलं आहे. हाताएवढं यंत्र, लांब रीड्स, स्ट्रेन वेगळे करायला फार सोयीचं. थेट आरएनए वाचायचा तर ई. कोलायच्या पॉली-ए पॉलिमरेझने आधी शेपटी जोडावी लागते. एकाच अक्षराच्या लांब रांगेत, जसं सात-आठ ए सलग, ते अजूनही मोजताना अडखळतं, आणि एक अक्षर कमी-जास्त झालं की प्रथिनाची पुढची वाचणी सगळीच बिघडते. असं काही दिसलं की तेवढा भाग सँगरने (एकेक तुकडा वाचणाऱ्या जुन्या पद्धतीने) पुन्हा वाचा.

थिसिससाठी फक्त आवरणाच्या प्रथिनाचं जनुक, ६७२ न्यूक्लिओटाइडांचं, सँगरने वाचणार असाल तर एक इशारा. तेवढ्यावरून ‘माझा स्ट्रेन व्हीटी’ असं ठामपणे लिहू नका. सीटीव्हीच्या जीनोमचा उजवा अर्धा भाग सगळ्या गटांत बऱ्यापैकी सारखा आहे, फरक डाव्या अर्ध्यात साठलेले आहेत. शिवाय स्ट्रेन आपसांत तुकडे बदलतात. डाव्या अर्ध्यातल्या ओआरएफ १-ए या जनुकाचा एक तुकडा सोबत वाचा. सँगरच्या आलेखात जागोजागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर तो यंत्राचा दोष नसून मिश्र लागण असू शकते. तुकडा प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या गोल डीएनएमध्ये) घालून जिवाणूंच्या आठ-दहा वसाहती वेगवेगळ्या वाचा.

प्रश्न : अहवालात लिहिलं आहे : ‘झाड ४ – सीटीव्ही, जीनोमचा ९९ टक्के भाग व्यापला, झाड ७ – सीटीव्ही, १,८०० रीड्स, झाड ९ – एका बुरशी-विषाणूशी साम्य.’ तिन्ही झाडं काढून टाकायची का? (रोपवाटिकाधारक, अमरावती जिल्हा)

झाड ४ वर वाद नाही. तिथे आणखी एक गोष्ट बघता येईल : रीड्सचा आलेख डावीकडून उजवीकडे चढत जातो का. सीटीव्ही पेशीत जीनोमच्या उजव्या टोकाच्या अनेक उप-प्रती काढतो, त्यामुळे तिकडे रीड्सची गर्दी असते. खऱ्या लागणीत असा चढ दिसावा. शेवटची काही अक्षरं नेहमीच सुटतात, त्यासाठी ‘रेस’ नावाची वेगळी पद्धत आहे आणि तुम्हाला तिची गरज नाही.

झाड ७ चं थांबवा. एकाच फेरीत यंत्रात बरेच नमुने एकत्र वाचले जातात आणि कोणती रीड कोणाची हे जोडलेल्या खुणेवरून ठरतं. काही रीड्सच्या खुणा अदलाबदल होतात. झाड ४ मध्ये २० लाख रीड्स असतील आणि त्यांतल्या हजारात एक जरी घसरली, तरी २,००० रीड्स दुसऱ्यांच्या खात्यात पडतात. १,८०० हा आकडा संशयाचाच आहे. प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा. नमुन्यांबरोबर पाठवलेल्या, बियांपासून वाढवलेल्या निरोगी रोपात सीटीव्हीच्या किती रीड्स आल्या? तिथेही हजार-पंधराशे असतील तर उत्तर मिळालं. झाड ७ मधल्या रीड्सची अक्षरं झाड ४ शी तंतोतंत जुळतात का? जुळत असतील तर त्या उसन्या असण्याचीच शक्यता अधिक. आणि प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना स्वतंत्र खुणा लावल्या होत्या का? यानंतर राखून ठेवलेल्या पानांतून नव्याने आरएनए काढून आरटी-पीसीआर. त्याच जुन्या आरएनएवर पुन्हा चाचणी केली तर घोळ आरएनए काढतानाच झाला असल्यास तो तसाच राहतो. चांगल्या प्रयोगशाळा संत्र्यात कधीच न सापडणाऱ्या विषाणूचा नमुना, समजा घेवड्यातल्या एंडोर्नाव्हायरसचा, मुद्दाम त्याच फेरीत घालतात. तो विषाणू इतर नमुन्यांत किती सांडला यावरून त्या फेरीची सांडलवंड मोजता येते.

झाड ९ ठेवा. पानावर राहणाऱ्या बुरशीचे, कोळशीचे, माव्याचे स्वतःचे विषाणू असतात, ते सोबत वाचले जातात. सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, रोग दाखवत नाही. ‘ब्लास्टएक्स, ३८ टक्के साम्य’ अशी ओळ (प्रथिनांच्या संग्रहाशी केलेली तुलना) दिसली की ती संशोधकासाठी आहे असं समजा.

अहवालात काय असायलाच हवं : एकूण रीड्स, संत्र्याच्या जीनोमशी जुळल्याने वगळलेल्या रीड्स, जुळवलेल्या तुकड्याची लांबी, जीनोमचा किती टक्के भाग व्यापला आणि सरासरी खोली (एकेक अक्षर किती वेळा वाचलं गेलं). नुसतं ‘डिटेक्टेड’ लिहून देणाऱ्याकडून कच्च्या फास्टक्यू फायली (यंत्राने वाचलेल्या मूळ रीड्स) मागून घ्या. त्या तुमच्या पैशाच्या आहेत.

प्रश्न : ग्रीनिंगही याच सिक्वेन्सिंगमध्ये कळेल का?

ग्रीनिंग विषाणूने होत नाही. तो अन्नवाहिन्यांत राहणारा जिवाणू आहे, सिट्रस सायला कीड तो पसरवते. राइबोसोमल आरएनए वगळताना त्याच्या ओळखीचा मोठा भागच काढला जातो. त्यासाठी डीएनए काढून जिवाणूच्या १६एस जनुकाची क्यूपीसीआर (प्रमाण मोजणारी पीसीआर) स्वतंत्र करा.

प्रश्न : राजेळी केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांत बनाना स्ट्रीक विषाणू पीसीआरने निघाला. रोपांवर एकही पट्टा नाही. (वसई)

केळीत ही नेहमीची गफलत आहे. हा डीएनए विषाणू आणि बाल्बिसियाना या रानकेळीच्या पूर्वजाकडून आलेल्या ‘बी’ जीनोममध्ये त्याचे तुकडे कायमचे गुंफलेले असतात. राजेळी एएबी गटातली, म्हणजे तिच्यात बी आहे. पीसीआरने केळीचाच डीएनए वाचून ‘विषाणू’ म्हटलं असेल. रोपाचा रस प्रतिपिंड लावलेल्या नळीत घालून विषाणूचे कण पकडा, डीएनेझने मोकळा डीएनए नष्ट करा, मगच पीसीआर. किंवा फाय२९ एन्झाइमने गोलाकार डीएनए वाढवून रेस्ट्रिक्शन एन्झाइमने कापा, खरा विषाणू असेल तर सुमारे साडेसात हजार बेसची एकूण लांबी मिळते. मात्र काही संकरित जातींत हे गुंफलेले तुकडे ऊतिसंवर्धनाच्या ताणाने जागे होऊन खरा विषाणू तयार करतात, तेव्हा रोपं कडक करताना, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावताना, पुन्हा एकदा तपासा. ग्रँड नैन ही जात एएए गटातली, तिला हा धोका नाही.

प्रश्न : पपईवर रिंगस्पॉट आला आहे. सिक्वेन्सिंग करून औषध ठरवता येईल का?

नाही. विषाणूवर औषध नाही आणि मावा तो काही सेकंदांच्या टोचणीत देऊन जातो, कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. रोगट झाडं उपटा, पुढच्या वेळी रोपं जाळीत वाढवा आणि कडेला मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी घ्या. सिक्वेन्सिंगचा उपयोग जात तयार करणाऱ्याला आहे. हवाईतली १९९८ ची रेनबो पपई तिथल्याच विषाणूच्या आवरण-जनुकावर बेतलेली होती. झाड अक्षरं जुळवून विषाणू कापतं, म्हणून दूरच्या देशातल्या वेगळ्या अक्षरांच्या विषाणूपुढे ती तितकी टिकत नाही.

प्रश्न : गावाकडच्या संत्र्याची डोळकाडी कॅलिफोर्नियात घरी लावायची आहे. सिक्वेन्सिंगचा निर्दोष अहवाल जोडला तर आणता येईल का? (सॅन होजे)

नाही, बॅगेतून तर मुळीच नाही. तिथे लिंबूवर्गीय झाडाची काडी क्वारंटाइनमधूनच जाते आणि रिव्हरसाइडच्या सिट्रस क्लोनल प्रोटेक्शन प्रोग्रॅममध्ये शुद्ध केलेल्या जातींच्याच काड्या मिळतात. त्यांच्या यादीतली जवळची मँडरिन निवडा.

प्रश्न : आमचं सर्वांत चांगलं झाड सीटीव्हीबाधित निघालं. जात टाकवत नाही. विषाणू काढता येतो का? (मोर्शी)

येतो, शूट टिप ग्राफ्टिंगने, म्हणजे कोंबाचं टोक कलम करून. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याच पद्धतीने रोगमुक्त कलमं तयार होतात. घरी जमणारं काम नाही, पण काय मागायचं ते माहीत असावं.

डोळकाडीची पानं काढून ती ३२ अंशांच्या उबेत ठेवली की आठवडा-दोन आठवड्यांत नवे कोंब येतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोंबाचं टोक, दोन-तीन पर्णांकुरांसह, ०.१ ते ०.२ मिलिमीटर एवढंच कापतात. अन्नवाहिन्या अजून तिथवर पोचलेल्या नसतात, म्हणून विषाणूही सहसा नसतो. अंधारात २७ अंशांवर उगवलेलं, दोन आठवड्यांचं फिकट रोप खुंट म्हणून घेतात. शेंडा दीड सेंटिमीटरवर छाटतात, बाजूला उलट्या टी आकाराची चीर देतात, टोक तिच्यात बसवतात आणि ७.५ टक्के साखरेच्या द्रव माध्यमात कागदाच्या आधारावर ठेवतात. टोक मोठं घेतलं तर कलम चांगलं लागतं पण विषाणू राहतो, फार लहान घेतलं तर शुद्ध पण बहुतेक मरतात. कापल्यापासून बसवेपर्यंत रेंगाळलं की टोक वाळतं. अर्ध्याहून कमी जगली तरी ते अपयश समजू नये.

जगलेलं कलम नंतर जोमदार खुंटावर चढवतात. पहिली तपासणी त्याला पुरेशी नवती आल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. घाईने केलेली चाचणी विषाणूचं प्रमाण कमी असल्याने फसवते. पुढच्या थंडीत दुसरी आरटी-पीसीआर. दोन्ही निर्दोष आल्या तरच सिक्वेन्सिंगचा खर्च करा, आणि तोवर झाड दुहेरी दाराच्या, मावा न शिरणाऱ्या बारीक जाळीच्या जाळीघरात ठेवा. बाहेर काढलेल्या शुद्ध झाडावर माव्याने दुसऱ्याच नवतीला विषाणू आणला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.